मोहाचा चोथा खाणारी टाकी

या लेखात येणारी माणसांची नावं मी बदलली आहेत, एक सोडून. ते एक तसंच का ठेवलं, हे वाचता वाचता कळेल.

नोकरीत असताना माझं खरं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-लाखनीकडच्या खेड्यांत मी ‘गॅसबाबू’. गोबरगॅसच्या टाक्या बांधून घ्यायच्या, त्या चालू करून द्यायच्या आणि बंद पडल्या की बोलणी खायला जायचं, एवढं माझं काम. त्यातलं तिसरं काम मी सर्वांत जास्त केलं. लाखनीजवळच्या एका म्हाताऱ्यानं हौसेनं टाकी बांधून घेतली आणि शेणाच्या गॅसवर शिजलेला भात खाणार नाही म्हणून हटून बसला. चहाला मात्र त्याची हरकत नव्हती. “चाय पातळ असते जी, तिले चालते,” असं तो म्हणाला. मी मान डोलावली. त्या टाकीवर कितीतरी वर्षं फक्त चहा झाला.

ज्यांनी ही टाकी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टाकी जमिनीत असते. शेण आणि पाणी सारखं कालवून एका बाजूनं आत सोडायचं. आत हवा नसते. तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव ते खातात आणि गॅस सोडतात. गॅस वरच्या लोखंडी टोपात साठतो आणि नळीनं शेगडीपर्यंत जातो. उरलेली मळी दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते, ती धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, खत म्हणून टाकतात.

आतले जीव दोन जातींचे. पहिले हावरे. जे पडेल ते झटपट खाऊन आंबट करून टाकतात. दुसरे नाजूक. ते आंबट खाऊन जळणारा गॅस करतात, पण सावकाश, आणि आंबट फार झालं की कामच सोडून देतात. दोघांचा मेळ बसला की शेगडीवर निळी ज्योत येते. मेळ बिघडला तरी टोप वर चढतो, पण काडी लावली की काडीच विझते, कारण तो गॅस जळणारा नसतो. एवढं सगळं गावात सांगत बसलं तर लोक बिडी प्यायला उठून जातात. म्हणून मी एक सोपं वाक्य तयार केलं होतं. “टाकी म्हणजे बैल समजा. तिले पोट हाय.” या वाक्याचा मला फार अभिमान होता. त्याच वाक्यानं पुढे माझी फजिती केली.

आता चैतरामची गोष्ट. तो आंधळगावकडच्या एका गावचा. चार जनावरं, थोडं धान आणि घरामागे मोहाची भट्टी. आमच्या भागात चैतात पहाटे मोहाची फुलं गळतात, बायका टोपल्या घेऊन वेचतात आणि अंगणात वाळवतात. ती माणसं खातात, जनावरं खातात आणि काहीजण त्यांची चोरून दारू गाळतात. दारूसाठी फुलं पाण्यात सडायला घालतात, त्याला सडवा म्हणतात. चैतरामच्या अंगणातली टाकी मीच बांधून दिली होती. भट्टीकडे मी पाहत नसे आणि तोही दाखवत नसे.

एका दुपारी दारूबंदीवाले गावात शिरल्याची वर्दी आली. चैतरामपाशी दोन पिंपं सडवा होता. विहिरीत ओतावा तर पाणी प्यायचं, नालीत ओतावा तर वास गावभर. त्याची बायको फुलवंता म्हणाली, टाकीत ओता. त्यानं ओतला. पथक आलं, अंगण पाहिलं, धुतलेली पिंपं पाहिली आणि निघून गेलं. गोबरगॅसच्या टाकीत नाक घालायची हौस कुणालाच नसते.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला चार-पाच दिवसांनी निरोप आला की गॅस जास्त होऊन राहिला, येऊन पाहा. कमी गॅसच्या तक्रारी मी शेकड्यांनी ऐकल्या होत्या, जास्तीची ही पहिलीच. गेलो. टोप पार वर चढलेला आणि शेगडीवर ज्योत नेहमीपेक्षा दोन बोटं उंच. मी मळी जिथून बाहेर पडते तिथे वाकून वास घेतला.

“काय टाकलं जी यात?”

“शेणच टाकलं,” चैतराम पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला.

“शेणाले मोहाचा वास येऊन राहिला.”

“बैलानं मोह खाल्ला असन.”

फुलवंता दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. मीही हसलो आणि निघालो. पण चैतरामला आता गोडी लागली होती. पुढच्या आठवड्यात त्यानं पथक न येताच आणखी चार पिंपं ओतली आणि टाकी बसली. टोप वर, ज्योत नाही. मग मात्र त्यानं सगळं कबूल केलं. मी टाकीला उपास घातला, चुन्याचं पाणी सोडलं आणि रोज थोडं ताजं शेण द्यायला लावलं. पंधरा-वीस दिवसांनी ती परत पेटली. मी वहीत लिहून ठेवलं की मोहाच्या सडव्यातून आणि त्यातल्या फुलांच्या चोथ्यातून चांगला गॅस निघतो, पण तो शेणाच्या जोडीनं आणि बेतानं द्यावा लागतो. साहेबांना कळवलं नाही. कळवलं असतं तर चैतरामचं नाव सांगावं लागलं असतं.

साहेबांना कळवलं नाही, आणि आंधळगावच्या चहाच्या टपरीवर सांगितलं. तेही नावगावासकट, “बैलानं मोह खाल्ला असन” त्याच्याच आवाजात म्हणून दाखवत. मंडळी पोट धरून हसली. मला गोष्ट रंगवून सांगता येते, हे मला त्या दिवशी फार आवडलं.

आठ दिवसांत पथक पुन्हा आलं, आणि या वेळी सरळ टाकीकडे गेलं. टाकीच्या मागे लपवलेला सडवा सापडला, भट्टीही सापडली. चैतराम तीन महिने भंडाऱ्याच्या जेलात होता. त्या साली त्याच्या बांधीतली रोवणी, म्हणजे धानाची लावणी, फुलवंतानं मजूर न लावता एकटीनं ओढली, असं मी ऐकलं. कुणाच्या तोंडून बातमी फुटली हे मला पक्कं ठाऊक होतं. मी कुणाला बोललो नाही. त्या गावची तक्रार आली की सोबतच्या माणसाला पाठवायचो. पुढे एकदा वरठी स्टेशनवर चैतराम समोर आला. “तुमी येत नाही जी आता,” एवढंच म्हणाला आणि तंबाखूची डबी पुढे केली. मी चिमूट घेतली. काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. मी तिकडे गेलो नाही.

निवृत्त होऊन मी वरठीला राहायला आलो आणि टाक्या विसरायला लागलो होतो, तेव्हा फोन आला.

“गॅसबाबू का? मी फुलवंता बोलून राहिली. चैतरामची.”

मला वाटलं, आता जुना हिशोब निघणार. तिला मात्र काम होतं. तिच्या बचत गटानं गावातच रीतसर परवाना काढून मोहाच्या वाइनचा छोटा कारखाना घातला होता. वाइन दारूसारखी भट्टीवर गाळत नाहीत. फुलं भिजवून त्यात यीस्ट घालतात, ती हळूहळू आंबू देतात, मग गाळण्यातून काढून बाटल्या भरतात. मागे उरतो फुलांचा चोथा आणि भांड्याच्या तळाचा घट्ट गाळ. तो या बायका मागच्या खड्ड्यात टाकत. पावसाळ्यात खड्डा भरून वाहिला आणि ते पाणी शेजारच्या बोडीत, म्हणजे गावच्या लहान तलावात गेलं. बोडीतले मासे तोंडं वर काढू लागले, बरेच मेले. बोडी मासेमारांच्या सोसायटीची. सोसायटीचे अध्यक्ष देवाजी मेलेल्या माशांची टोपली घेऊन पंचायतीत आले. ठरलं असं की पोळ्यानंतरच्या ग्रामसभेपर्यंत चोथ्याची सोय करा, नाही तर कारखान्याला कुलूप.

मी गेलो. कारखान्यातल्या भिंतीवर परवाना काचेत मढवून टांगला होता, त्यावर फुलवंताचं नाव. ज्या मोहापायी तिच्या घरात पोलीस शिरले, त्याच मोहाचा हा सरकारी शिक्क्याचा कागद. ती तो रोज सकाळी फडक्यानं पुसते, असं बाकीच्या बायका हसत सांगत होत्या. अकरा जणींचं काम त्यावर चालत होतं. कुलूप लागलं असतं तर त्या कागदाला काहीच अर्थ उरला नसता.

बाटल्या धुवायला आणि वाइन तापवायला त्यांना रोज गरम पाणी लागे, त्यासाठी लाकूड जाळत. म्हणजे एका बाजूला फेकायचा चोथा आणि दुसऱ्या बाजूला जळणाची ओढ. मला जुन्या वहीतलं पान आठवलं. मी म्हटलं, टाकी बांधू.

बांधली. पहिल्या भरणीला गावातलं शेण गोळा केलं. ज्यांच्याकडे जनावरं नव्हती त्या बायकांनीही शेजाऱ्यांकडून मागून आणलं. मी प्रमाण ठरवून दिलं. दोन घमेली शेणाला एक घमेलं चोथा, रोज एवढंच. आणि माझं आवडतं वाक्यही ऐकवलं, की टाकी म्हणजे बैल समजा. तीन-साडेतीन आठवड्यांनी शेगडीवर निळी ज्योत आली. बायकांनी तिच्यावर पहिला चहा केला, तो खरंच चांगला झाला होता. खड्डा रिकामा होऊ लागला. पोळ्याला मी दोन दिवस वरठीला घरी गेलो.

परत आलो तर टाकीच्या टोपावर गेरूचे पट्टे ओढलेले, वर झेंडूची माळ, आणि बैलाच्या शिंगांना लावतात तसं बेगड चिकटवलेलं. टोप खूप वर चढला होता. बायका खुशीत होत्या.

“काय केलं जी हे?” मी विचारलं.

“पोळा नोहे का?” एक जण म्हणाली. “पूजा केली, खाऊ घातलं.”

पोळ्याला बैलांना पुरणपोळी देतात, गोडधोड देतात. टाकी बैलासारखी म्हटल्यावर तिनं काय पाप केलं होतं? अकरा जणींनी घरटी एक पुरणपोळी, वरून एकेक घमेलं चोथा आणि बादलीभर गुळाचं पाणी तिच्या पोटात घातलं होतं. ग्रामसभेच्या आधी खड्डा रिकामा होतो हाही हिशोब त्यात होताच. फुलवंता नको म्हणाली होती, पण सणाच्या दिवशी तिचं कुणी ऐकलं नाही. मी काडी ओढून शेगडीपाशी धरली. काडी विझली. दुसरी धरली, तीही विझली. मळीत लिटमसचा कागद बुडवला, तो लालभडक झाला.

“काहून जी? तुमीच तं सांगतलं, बैल समजा,” तीच बाई म्हणाली. “पोळ्याच्या दिवशी बैलाले मोजून खाऊ घालतात का?”

मला रागही आला आणि हसूही आलं, पण दोन्ही बाहेर काढता येईना. वाक्य माझंच होतं.

ग्रामसभेला अकरा दिवस होते. मी खाणं बंद करायला लावलं, चुन्याचं पाणी सोडलं. पण आतले नाजूक जीव मेले होते. त्यांची वस्ती पुन्हा उभी राहायला महिना तरी लागणार, असं मी फुलवंताला सांगितलं.

“महिना नाही आपल्यापाशी,” ती म्हणाली.

मग ती टाकीजवळ गेली आणि मळीच्या तोंडाशी कान लावून बसली. मोहाचं काम करणाऱ्या बाईला सडव्याचा बुडबुड आवाज ऐकून कळतं की तो किती आंबला आहे. माझ्या खिशात लिटमसची पुडी होती, तिचं काम कानावर चालत होतं. ती बराच वेळ ऐकत राहिली.

“नुसती बडबड करून राहिली,” ती उठत म्हणाली. “हिच्यात कामाचं कोणीच उरलं नाही. विरजण लागन.”

“विरजण कुठून आणायचं? कोणत्याही शेणाच्या टाकीतली मळी आणली तरी तिले मोहाची सवय नाही. सवय लागेपर्यंत दिवस जातात.”

“माह्या घरच्या टाकीले हाय सवय.”

ती टाकी केव्हाच मोडली असेल, असं मी धरून चाललो होतो. फुलवंता म्हणाली, “चालू हाय. टोप एकदा बदलला. रोज शेणासंगं ओंजळभर मोहाचा चोथा घालते. ते जेलातून आले तेव्हापासून घालून राहिली. तुमीच तं त्याहीले सांगतलं होतं, बेतानं द्या म्हणून.”

म्हणजे आता मला त्या अंगणात जाणं भाग होतं. कारखान्यापासून तिचं घर तीनशे पावलांवर होतं आणि इतके दिवस मी तिकडचा रस्ता टाळून दुसऱ्या गल्लीतून येत-जात होतो. अंगण सारवलेलं होतं. टाकी तशीच, मी ओढून दिलेल्या रेषेवर बांधलेली. मळीत बोट बुडवून मी वास घेतला. मोहाचा मंद वास, आंबटपणा नाही. कागद बुडवला, त्याचा रंग लाल झाला नाही. एवढी निरोगी टाकी मी नोकरीत क्वचितच पाहिली होती.

तिथेच मी बोललो. आधी काही ठरवलं नव्हतं.

“बाई, त्या टायमाले टपरीवर गोष्ट मीच सांगतली होती. नाव घेऊन. त्याच्यानंच पथक टाकीकडे आलं.”

“माहीत हाय,” फुलवंता म्हणाली. बादल्या धुणं तिनं थांबवलं नाही. “टपरीवाला माह्या माहेरचा होता.”

“चैतरामले?”

“त्याहीलेबी माहीत होतं. आले तेव्हा मीच सांगतलं. ते म्हणे, माणूस वाईट नाही, तोंड हलकं हाय.”

म्हणजे वरठी स्टेशनवर डबी पुढे करताना त्याला ठाऊक होतं. मी टाकीच्या कठड्यावर बसलो. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

“मंग मले काहून बोलावलं?” मी विचारलं. “आणखी गॅसवाले आहेत जिल्ह्यात.”

“दुसरा असता तं टाकी बसली का तिकडल्या तिकडे पळाला असता,” ती म्हणाली. “तुमी एकदा पळाले. दोनदा नाही पळणार, असं वाटलं. उचला ती बादली.”

त्या दिवशी अकरा बायका आणि मी, चैतरामच्या टाकीतली मळी बादल्यांनी कारखान्याच्या टाकीत नेत होतो. रस्त्यात लोक नाक धरून बाजूला होत होते. पुढचे दिवस रोज थोडं ताजं शेण आणि चैतरामच्या टाकीतल्या दोन बादल्या, दुसरं काही नाही. चोथ्याच्या घमेल्याला मी हात लावू दिला नाही. आठव्या दिवशी काडी धरली तर फक्त एक भक् झालं. नवव्या दिवशी ज्योत पिवळी आली, फडफडली, विझली. दहाव्या दिवशी सकाळी निळी आली आणि टिकली. मी शेगडी बंद करून पुन्हा पेटवली, तीन वेळा, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

ग्रामसभा कारखान्याच्या आवारातच झाली, पंचायतीनंच तसं ठरवलं होतं. देवाजींना बोलण्यावर भरवसा नव्हता. ते घरून भगोणं घेऊन आले होते. बोडीचं पाणी त्यात भरून त्यांनी शेगडीवर ठेवलं आणि समोर बसून राहिले. पाणी खळखळलं तेव्हा देवाजींनी वाकून शेगडीखाली पाहिलं, कुठे लाकूडबिकूड लपवलंय का म्हणून.

“खड्डा बुजवून टाका,” ते उठत म्हणाले. “आणि मळी बोडीकडे वाहिली तं मी परत टोपली घेऊन येतो.”

खड्डा त्याच आठवड्यात बुजवला. मळी आता गटातल्या बायकांच्या बांध्यांत जाते. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. थंडीत गॅस कमी होतो आणि तेव्हा थोडं लाकूड अजून जाळावं लागतं. एवढ्या छोट्या कारखान्याचा चोथा तो किती. पण तेवढ्या चोथ्याची सोय झाली आणि पाणी तापायला लागलं. टाक्यांच्या कामात याहून जास्त मला कधी जमलं नाही. आणि बैलाचं वाक्य मी सोडून दिलं. आता लोकांना दोन जातींच्या जिवांचं सगळं सांगतो. काहीजण बिडी प्यायला उठतात, उठू देतो.

सभा उठल्यावर मी गाडीला किल्ली लावत होतो, तेव्हा फुलवंता आली.

“आता आंधळगावच्या टपरीवर जाऊन सांगा,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“मोहाच्या चोथ्यावर शेगडी पेटते, हे पहिले कोणाच्या टाकीत झालं ते. त्या टायमाले नाव घेऊन सांगतलं होतं ना? आता बी नाव घेऊनच सांगा.”

मी परतताना आंधळगावला थांबलो. टपरी आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान झालं आहे. म्हणून इथे सांगतो. आमच्या भागात मोहाच्या चोथ्यावरची पहिली शेगडी पेटली ती चैतरामच्या अंगणात, आणि दुसरी पेटली ती त्याच्या टाकीतल्या मळीनं. चैतराम हे नाव खरं आहे.